तीन ठरलेली उत्तरं

दि. ११ सप्टेंबर

प्रिय ठकू,

तुला बाबांचे आशीर्वाद. आशीर्वाद नको असतील तर नुसता नमस्कार घे. मी खुशाल आहे. तू कशी आहेस हे विचारायचं धाडस करतोय, कारण तू माझ्यावर रागावली आहेस एवढं मला समजलंय. का रागावली आहेस, ते मात्र काही केल्या समजत नाही.

परवा आत्या येऊन गेली. तिचं बोलणं चौथ्या घरापर्यंत जातं हे तुला माहीतच आहे, त्यामुळे हल्ली मला तिच्याशी गप्पा मारायला फार बरं वाटतं. चपला काढता काढताच म्हणाली, "काय रे, पोरीशी काय भांडलास?"

मी म्हटलं, "मी कशाला भांडू? तीच फोन करायची थांबलीय."

"तिनं निरोप दिलाय. म्हणाली, बाबांना सांग, त्यांना घाई नसेल तर मलाही नाही."

"घाई? कसली घाई?"

तर बाईसाहेबांनी तोंडावर बोट ठेवलं. "मला शपथ घातलीय तिनं. तुमचं तुम्ही बापलेक बघा. मला मध्ये घेऊ नका." ठकू, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती तुझी आत्या गप्प बसली, म्हणजे प्रकरण साधं नाही. तेव्हापासून मी त्या निरोपाचा अर्थ लावत बसलोय. डोक्याचा भुगा झाला, अर्थ काही लागला नाही.

फोनच का नाही करत, असं तू म्हणशील. अगं, काम तळघरात, तिथे रेंज नाही. घरी यावं तर उशीर झालेला असतो. माझा फोन तो जुना बटणांचा, त्याच्यावर एक ओळ लिहायची म्हणजे अंगठ्याला घाम फुटतो. आणि पत्राचं एक बरं असतं, समोरच्या माणसाला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा आता निमूटपणे वाच.

सध्या आमचं काम नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात चाललंय. चार मजल्यांची जुनी इमारत, जिना लाकडाचा, जमिनी लाकडाच्या, आणि प्रत्येक खोलीत एक इस्त्री आणि एक शेगडी. म्हणजे काडी टाकायचाच अवकाश. आग विझवायला इतर ठिकाणी लावतात तसे जाडजूड पाइप आणि पाण्याची भलीमोठी टाकी इथे पेलणारच नाही, भिंती आधीच रडकुंडीला आलेल्या. म्हणून आमचं धुकं. बोटाएवढा स्टीलचा पाइप छतातून न्यायचा, खोलीत दोन नोझल, आणि तळघरात जबरदस्त दाबाचा पंप. खोली तापली की नोझलमधली काचेची नळी फुटते आणि पाणी थेंब होऊन न पडता धुकं होऊन येतं. त्या धुक्याची आगीजवळ वाफ होते, वाफ हवेला ढकलून देते, आणि आग गुदमरते. पाणी म्हणशील तर आंघोळीला लागतं त्याच्या थोडं वर. हे सगळं तुला लहानपणापासून पाठ आहे, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही बायकांना प्रात्यक्षिक दाखवलं. खालच्या रिकाम्या खोलीत एक जुनी गादी पेटवली, दार लावून घेतलं आणि सगळ्यांना दाराच्या काचेतून बघायला लावलं. गादी चांगली धडाडली. पुढच्या दोघी घाबरून मागे सरल्या. मग नोझलमधली नळी फुटली आणि दाराची काच एकदम पांढरी झाली. थोड्या वेळानं दार उघडलं तर गादी विझलेली, आणि खिडकीचा पडदा जेमतेम ओला. बायका टाळ्या वाजवत होत्या, बघायला फार छान वाटत होतं. वॉर्डनबाई माझ्यापाशी येऊन काहीतरी म्हणाल्या, मी हसून मान डोलावली.

इथेही मला सगळे 'कानवाले काका'च म्हणतात. नवीन इंजिनिअर आलीय, तुझ्याहून लहान असेल, तिलाही पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं, की लाइनमध्ये दाब भरला की पंप बंद करायचा, सगळ्यांनी श्वास रोखायचा आणि काकांना चालू द्यायचं. सुईच्या टोकाएवढी गळती असली तरी काका ऐकतात. हात लावून बघायचं नाही, त्या दाबाचं पाणी कातडीतून आरपार जातं. तर परवा मी चारही मजले चाललो. ठकू, एवढी शांत लाइन मी उभ्या जन्मात बघितली नाही! कुठे म्हणून सूं नाही की सां नाही. इंजिनिअर म्हणाली, "काका, गेजचा काटा जरासा उतरलाय." मी म्हटलं, "पाणी गार झालं की काटा उतरतोच, पोरी. लाइन पक्की आहे." आणि ठोकली सही. आता वरून छताचे पत्रे लागले की आम्ही मोकळे.

घरी सगळं ठीक. सगळं म्हणजे मी आणि रेडिओ. शेजारचे शिंपीदादा मध्ये येऊन गेले, म्हणाले भिंत ठोकून ठोकून हात दुखला, जरा रेडिओ कमी करा. माणूस पूर्वी असा चिडका नव्हता. दूध दोनदा उतू गेलं. तुझी आई असती तर म्हणाली असती, लक्ष कुठे असतं तुमचं.

काय चुकलं माझं ते एकदा सांगून टाक. चूक कळली तर माणूस कान तरी धरील. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाबा

दि. ३ ऑक्टोबर

प्रिय ठकू,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. हरकत नाही, मी काही त्यासाठी लिहीत नाही, असं लिहिणार होतो. पण आता खोटं लिहायचा कंटाळा आलाय. उत्तरासाठीच लिहितोय.

वसतिगृहात माझी शोभा झाली. ऐक.

दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत एक नर्स राहते. तिची ड्यूटी रात्रीची, म्हणून ती दिवसा झोपते. तिनं वॉर्डनबाईंकडे तक्रार केली, की छतात काहीतरी सतत सुंईऽऽ करत असतं, डोळ्याला डोळा लागत नाही. वॉर्डनबाई तरातरा तळघरात आल्या. मी पंपाशेजारी डबा खात बसलो होतो. त्या समोर उभ्या राहून हातवारे करायला लागल्या तेव्हा कुठे मी वर बघितलं. "अहो, मी जिन्यापासून ओरडत येतेय! तुमचा हा छोटा पंप दिवसभर गुरगुरतोय, थांबतोय आणि परत गुरगुरतोय. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

छोटा पंप लाइनमधला दाब राखायला असतो. कुठे गळती असली तरच तो असा सारखा चालू होतो. हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि मी त्याच्याशेजारी बसून पोळी चावत होतो.

मी म्हटलं, "नवीन पंप आहे, बसेपर्यंत आवाज करतो." झाकली मूठ सव्वा लाखाची. पण इंजिनिअर ऐकत होती. तिनं शिडी उचलली आणि म्हणाली, "चला काका, वर बघून येऊ." हे तिनं माझ्या समोर उभं राहून म्हटलं म्हणून मला कळलं.

नर्सच्या खोलीबाहेर बोळात मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, मान वाकडी केली, डोळे मिटले. नेहमीचं सोंग. पूर्वी ते सोंग नव्हतं, ठकू. पूर्वी मला खरंच ऐकू यायचं. मी तसाच बराच वेळ उभा राहिलो. डोळे उघडले तर इंजिनिअर माझ्या पुढ्यात येऊन उभी.

"काका, मी तीनदा हाक मारली."

"अगं, गळती ऐकत होतो. मध्ये बोलायचं नसतं."

"काका," ती अगदी सावकाश म्हणाली, "गळती इथेच आहे. तुमच्या डोक्यावर."

छताचा पत्रा तिनं आधीच सरकवला होता. वर बघितलं तर जोडातून केसाएवढी पांढरी रेघ निघून समोरच्या भिंतीवर आपटत होती. प्लास्टरला तिनं खळगा पाडला होता. आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मला ते खरंच वाटेना. माझा हात आपोआप वर गेला, त्या रेघेकडे. जन्मभर पोरांना ओरडत आलो, हात घालू नका, बोटं जातील. तिनं फाडकन माझ्या हातावर चापट मारली. नंतर तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी काका," म्हणाली. मी म्हटलं, "अजून एक मार."

आत ती नर्स कानात कापसाचे बोळे घालून पलंगावर बसली होती. तिच्या कानात कापूस, आणि मी कापसाशिवाय ठार बहिरा. हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

मग सगळी लाइन पुन्हा तपासली. ती पोर पुठ्ठ्याचा तुकडा प्रत्येक जोडापाशी धरत चालली, मी मागून शिडी धरली. पुठ्ठा कुठे ओला होतोय ते बघायचं, कानाचा संबंधच नाही. कानामागून आली नि तिखट झाली, असं म्हणायची माझी फार इच्छा होती, पण तिच्यात तिखटपणा औषधालाही नाही. आणखी दोन जोड सापडले. मी 'पक्की' म्हणून सही केलेल्या लाइनवर. खरी आग लागली असती, मोठा पंप पूर्ण दाबानं चालू झाला असता आणि त्यातला एखादा जोड सुटला असता, तर वरच्या खोल्यांत धुकं पोचलंच नसतं. तिथे बायका झोपतात. माझ्या भरवशावर झोपत होत्या. मला ऐकू आलं नाही, आणि मी समजलो आवाजच नाही. ह्या एका गोष्टीनं माझी झोप उडाली आहे.

आता तुला सगळं सांगतो.

गेलं वर्षभर हे चाललंय, कदाचित जास्तच. पंपांच्या खोल्यांत आयुष्य गेलं. बाकीचे कानांवर ती टोपणं लावायचे, मी कधी लावली नाहीत. कान झाकले तर गळती कशी ऐकणार, असं म्हणायचो. ऐटीत म्हणायचो. आधी घड्याळाची टिकटिक गेली. मग कुकरची शिट्टी. मग मागून येणारी माणसं एकदम शेजारी उगवायला लागली. तोंडाकडे बघितलं तर निम्मं समजतं, निम्मं मी माझ्या पदरचं घालतो. शिंपीदादा चिडके झालेले नाहीत, रेडिओच मोठा असतो. एवढा मोठा करूनही त्यात कोण काय बोलतंय ते कळत नाही. घरात काहीतरी चालू असावं म्हणून लावतो. तुझी आई गेली तेव्हा घर शांत झालं असं वाटलं होतं. ती शांतता काहीच नव्हती गं. तेव्हा निदान शेजारच्या शिलाई मशीनचा आवाज तरी यायचा.

आणि फोन. फोनवर तुझं तोंड दिसत नाही. तू बोललीस की कुणीतरी गोधडीत तोंड घालून बोलतंय असं वाटतं. तू हसलीस की कळायचं. प्रश्न विचारलास की शेवटी आवाज वर जातो, तेही कळायचं. शब्द मात्र नाहीत. म्हणून मी तीन उत्तरं ठरवून ठेवली होती. तू काही सांगत असलीस की "हो का!" बोलणं संपत आलंसं वाटलं की "बरं बरं." आणि प्रश्न आला की "बघू, घाई काय आहे." कारण तू विचारतेस काय, तर डोळे तपासले का, नवीन चपला घेतल्या का, सुट्टी कधी काढणार. त्या सगळ्याला हे उत्तर चालून जायचं. किती महिने चालून गेलं! तुला एकदाही शंका आली नाही, ह्याचा मला वर अभिमान वाटायचा. गाढव आहे मी.

तू विचारशील, सांगितलं का नाहीत. कामाचं एक होतंच. कानवाले काका बहिरे झाले म्हटल्यावर राहिलं काय? पण खरं कारण ते नाही. ऐकू येत नाही म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग कशाला फोनचा त्रास, मेसेज करत जाईन. आणि दर रविवारचा तो फोन बंद झाला असता. ठकू, मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी मी सकाळपासून फोन हातात घेऊन बसायचो. आठवडाभरात माझ्याशी, फक्त माझ्याशी, कुणीतरी बोलायचं ते तेवढंच. तू बोलतेयस एवढं तरी ऐकू यायचं. मला ते सोडवत नव्हतं.

तेव्हा त्या शेवटच्या रविवारी तू काय बोललीस ते मला माहीत नाही. आवाज नेहमीचा नव्हता एवढं आठवतं. शेवटी तो वर गेला होता, म्हणजे काहीतरी विचारलं होतंस. मी काय म्हणालो असेन ते आता तुझ्या निरोपावरून कळतंय. काय विचारलं होतंस? मला लिहून पाठव. काहीही असू दे.

वाट बघतोय.

बाबा

दि. २९ ऑक्टोबर

ठकू, माझ्या बाळा,

तुझं पत्र मिळालं. माझी दोन्ही पत्रं तुला एकदमच मिळाली, तुझ्या नणंदेनं तू आता राहतेस त्या वसतिगृहावर आणून दिली, असं लिहिलंयस. भलं होवो त्या मुलीचं.

पोस्टमननं पत्र दिलं तेव्हा मी कामावर निघालो होतो. जिन्यातच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसलो. शिंपीदादा वर येत होते, त्यांनी काय झालं म्हणून विचारलं, निदान तोंड तसं केलं. मी त्यांना पत्रच पुढे केलं. त्यांनी वाचलं, माझ्या शेजारी बसले, आणि आम्ही दोन म्हातारे येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवून बसून राहिलो.

तू लिहितेस, "मी विचारलं होतं, बाबा, मी घरी येऊ का? आता इथे राहवत नाही. तुम्ही म्हणालात, बघू, घाई काय आहे. मला वाटलं तुम्हाला नीट समजलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. तुम्ही म्हणालात, बरं बरं, आणि फोन ठेवलात."

हे मी म्हणालो. तुला. ज्या घरात मला कुणाचा आवाज नाही म्हणून मी बंद पडल्यासारखा जगतोय, त्या घरात तू येते म्हणालीस, आणि मी म्हणालो घाई काय आहे. मी किती रडलो ते सांगत नाही. मोठ्यानं रडत असणार, कारण शिंपीदादांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

आणि तू त्यानंतर एकटीनं सामान बांधलंस, एकटीनं खोली शोधलीस, आजारी पडलीस, बरी झालीस. मी इकडे जावईबापूंना नमस्कार लिहितोय! तू घर का सोडलंस ते लिहिलं नाहीस. मी विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको सांगूस. त्यांच्या बाजूनं कुणी मला भेटायला आलं तर मला काही ऐकू येत नाही, ही आता माझी सोय आहे.

शेवटी तू लिहितेस, "आता माझं इथे बरं चाललंय, तुम्ही काळजी करू नका." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याच्यात तू खरं किती लिहिलंयस आणि माझ्यासारखी ठरलेली उत्तरं किती दिलीस, ते कागदावरून कळत नाही. तू माझीच लेक आहेस, म्हणून शंका येते.

तुझ्या खोलीबद्दल लिहिलंस ते वाचून मला कसंतरी झालं. लाकडी जमीन, एक खिडकी, शेजारच्या खोलीतली बाई फोनवर भांडते. अगं, मी हे सगळं इथे रोज बघतो. कोपऱ्यात बॅग अर्धी उघडी ठेवलेली असते, कारण कपाट लावलं की आपण इथलेच झालो असं वाटतं. आमच्या ह्या बायकांकडे बघून मला वाटायचं, ह्यांना आईबाप नसतील का? असले तर कसले मेले आईबाप! बघ, माझीच जीभ.

आधी एक काम कर. मान वर करून छताकडे बघ. बोटाच्या पेराएवढी, मध्ये काचेची लाल नळी असलेली नोझल आहेत का? असतील तर त्यांना टोपी किंवा प्लास्टिक राहिलेलं नाही ना ते बघ, रंगाऱ्यांनंतर पुष्कळदा काढायचं विसरतात. त्यांच्या पाइपवर ओढण्या वाळत घालू नकोस, इथे एकीला मी त्यावरून ओरडलोय. नोझल नसतील तर निदान बाहेरचा जिना कुठे उतरतो ते एकदा चालून बघ. आणि कधी काही झालंच, तर बाहेर पडताना दार ओढून घे. उघड्या दारातून धुकं निघून जातं आणि मग ते काही कामाचं राहत नाही. हसतेयस ना? बापाला दुसरं येतं काय?

माझं म्हणशील तर मालकांनी काढलं नाही. लाइन ऐकायचं काम गेलं ते बरंच झालं. आता मी पाइप कापतो आणि जोड करतो, तपासणी ती पोर करते. मी केलेल्या जोडावरही ती पुठ्ठा धरते, मीच तिला सांगितलंय, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तिनंच मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन यंत्रं मिळाली, कानामागे बसतात. पहिल्या दिवशी घरी आलो आणि दचकलो. माझ्याच चपलेचा आवाज! नळ ठिबकतोय, कपाटाचं दार किरकिरतंय, मी स्वतः चहा पिताना किती फुर्र करतो ते प्रथमच कळलं. शिलाई मशीन ऐकू आलं तेव्हा जेवायचं सोडून भिंतीशी उभा राहिलो. शब्द मात्र अजून समोर तोंड असेल तरच लागतात. डॉक्टर म्हणाले, फोनवरचं फारसं सुधारणार नाही. म्हणजे रविवारचा फोन गेलाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पिशवी भरली होती. तडक यायचं, तुझा हात धरायचा आणि घेऊन यायचं. शिंपीदादांनी दारात अडवलं. म्हणाले, "काका, तिला विचारलंत का?" मी म्हटलं, "तिनंच विचारलं होतं." ते म्हणाले, "ते तेव्हा." माणूस कपडे बेततो तसाच बोलतो, कमी आणि नेमकं. मी पिशवी रिकामी केली. खरं आहे. तू एका घरातून निघालीस, दुसरीकडे आपल्या पायावर उभी राहिलीस. मी कोण आता न विचारता बॅग उचलायला येणारा?

म्हणून विचारतो. तुझं विचारून झालं, एकदा सोडून दोनदा. आता पाळी माझी.

ठकू, घरी येतेस का? राहायला ये. कायमची ये, नाहीतर तुझी नोकरी जमेल तशी ये. आणि यायचं नसेल तर मला तिकडे बोलाव, तुमच्या वसतिगृहात भेटायच्या खोलीत बापांना बसू देत असतील. तू समोर बस आणि सावकाश बोल, मी तुझ्या तोंडाकडे बघत बसेन. मला तू हवी आहेस. तुझी दया येते म्हणून बोलावत नाही, आणि माझी दया येते म्हणून येऊ नकोस. एवढा एकटा मी कधीच नव्हतो, हे मात्र खरं, आणि ते तुझ्यापासून लपवायचं आता माझ्यात बळ नाही.

उत्तर कागदावर दे. एका शब्दाचं असलं तरी चालेल. आणि 'नको' असेल तर तेही ठळक अक्षरांत लिही, म्हणजे मला ऐकू आलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

दाराकडे तोंड करून बसलेला,
तुझा बाबा